नवसाचा खांदा

आदल्या संध्याकाळी तिनं माझ्या उजव्या खांद्याला तेल लावलं. रोजचंच होतं ते, त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच आधी लिहितोय. लहान वाटीत खोबरेल, त्यात कापराची वडी, आणि गरम वाटी धरायला तिच्या जुन्या गाऊनचा तुकडा. मी बाल्कनीत प्लॅस्टिकच्या स्टुलावर तिच्याकडे पाठ करून बसायचो, शर्ट काढून मांडीवर घ्यायचो. ती मागं खुर्ची ओढायची. खांद्याच्या आत एक खोबण आहे, बाहेरून दिसत नाही. तिचा अंगठा डोळे मिटून तिथं जायचा आणि मी दात आवळून धरायचो.

"गरम जास्त झाला?"

"नाय."

"मगे असे ताठ कित्याक बसलात? फोटो काढतंय काय तुमचो?"

ऊन उतरलं होतं. बाल्कनीचं लोखंडी रेलिंग दिवसभर तापलेलं असतं, ते थंड व्हायला लागलं की मध्येच वाजतं. त्या दिवशीही वाजलं. ठण. थोड्या वेळानं पुन्हा ठण. ती म्हणाली, "दिनकर इलो." मी म्हटलं, "येंवदे." एवढंच. दिनकर कोण ते पुढं येईल. उरलेलं तेल तिनं नेहमीसारखं स्वतःच्या भांगाला पुसलं, बाटली उजेडाकडं धरून बघितली आणि म्हणाली, "त्याल सपत इला हा. उद्या झिलाक आणूक सांगा." मी मुलाला सांगतो म्हटलं. मग आम्ही जेवलो. सुनेनं केलेल्या माशाला तिनं नावं ठेवली, पण हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल असं.

त्याच्यानंतरची सकाळ मी शेवटी सांगणार आहे. आधी तो खांदा कुठून आला ते सांगतो, नाहीतर सकाळ कुणाला कळणार नाही.

मी ह्या आखाती देशात कामाला आलोच नाही. बॉलिंग टाकायला आलो. कागदावर हेल्पर लिहिलं होतं, पण हेल्पर तर कुठूनही मिळतो. गजाभाऊ आमच्या शेजारच्या गावचे, इथल्या मुसफ्फा भागात लोखंडी टाक्या बनवणाऱ्या कंपनीत फोरमन. सुट्टीवर आले होते. भात कापून झाल्यावर आमच्याकडं मळ्यात टेनिस बॉलचे सामने होतात. तिथं मी त्यांच्या पुतण्याचा मधला स्टंप उडवला, तो बांधापलीकडं जाऊन पडला. पुतण्या रडायच्या बेतात, आणि हे हसत माझ्याकडं आले. "बाबल्या, पासपोर्ट हा?" मी म्हटलं, "नाय." "काढ. थय माका असो एक हात होयो." माणूस पाहिजे असं ते म्हणाले नाहीत. हात पाहिजे म्हणाले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. शाळा चौथीत सुटलेली, घरात खाणारी तोंडं जास्त. हात तर हात.

त्या काळी मुसफ्फातल्या सगळ्या वर्कशॉपांच्या टीमा होत्या. सुट्टी शुक्रवारची असायची. शुक्रवारी उजाडायच्या आत वाळूत सामने सुरू व्हायचे आणि मॅनेजर लोक खुर्च्या टाकून बसायचे. एका कंपनीनं इलेक्ट्रिशियन म्हणून जो आणला होता त्याला बल्ब बसवता येत नव्हता, पण सिक्स असा मारायचा की बॉल शोधायला पिकअप घेऊन जावं लागायचं. सगळ्यांना माहीत होतं, कुणी काही बोलत नव्हतं. जोपर्यंत तुम्ही खेळता तोपर्यंत तुमची खाट तुमची. खेळ थांबला की खलास, पुढच्या विमानात दुसरा यायचा.

आमचं मैदान कंपनीच्या मागं होतं. इतरांनी सिमेंटच्या पट्ट्या घातल्या होत्या. पण आमची कंपनी लोखंडाची, म्हणून गजाभाऊंनी पिच लोखंडाचं केलं. उरलेल्या जाड प्लेटा वाळूत शेजारी शेजारी टाकल्या, वेल्डिंग मारलं, वर ऑफिसातलं जुनं कार्पेट चिकटवलं. बॉलरचा पाय पडतो तिथंही प्लेटच. त्यांना त्या पिचचा इतका अभिमान होता की दुसऱ्या कंपनीचा माणूस आला की चहाच्या आधी पिच दाखवायचे. बॉल त्याच्यावरून सापासारखा उठायचा. आणि आवाज! मी धावत आलो की धाड धाड धाड, सगळा यार्ड ऐकायचा. शेवटचा डावा पाय पडला की लोखंड टाचेतून वर यायचं, गुडघ्यात, कमरेत, आणि तिथून कुठं जायचं ते ज्याच्या त्याच्या नशिबावर.

दिनकरच्या पाठीत गेलं. दिनकर माझ्या आधीचा बॉलर, आचऱ्याकडचा. मी कॅम्पात पोचलो तेव्हा खालच्या खाटेवर तो उताणा पडून होता आणि वरची खाट मला दिली होती. उठताना तो आधी कूस घ्यायचा, मग पाय खाली सोडायचा, मग भिंतीला धरून उभा राहायचा, आणि हे सगळं होईपर्यंत खोलीत कुणी बोलायचं नाही. पाठवायच्या दिवशी त्याला पिकअपमध्ये मागं झोपवून विमानतळावर नेला. जाताना त्यानं मला बूट दिले. "माप तुझाच हा," म्हणाला. "पाय वाळयेत टाक, बाबल्या. लोखंडार टाकू नको." पण वाळूत पाय टाकला तर नो-बॉल. तो गावी गेला तो कायम खाटेवरच राहिला असं कानावर आलं.

त्याच्या आधी एकाचा कोपर गेला होता, त्याच्याही आधी एकाची टाच. दिनकर गेल्यावर लोक बोलायला लागले. संध्याकाळी यार्ड बंद झाला, ग्राइंडर थांबले, की मैदानात कुणी नसताना पिच वाजायचं. ठण. मग जरा वेळानं ठण. हळू धावल्यासारखं. लोखंड थंड होताना आकसतं, मी वेल्डरांत आयुष्य काढलेला माणूस आहे, मला कळतं. तेव्हाही कळत होतं. तरी आम्ही कॅम्पाच्या पायऱ्यांवर बसलेलो असलो आणि तो आवाज आला की बिडी ओढणारा बिडी तोंडातून काढायचा. "दिनकर इलो," कुणीतरी म्हणायचं. कुणी हसायचं नाही.

गजाभाऊंचं म्हणणं वेगळं. आमच्याकडं प्रत्येक जागेला राखणदार असतो. त्याला विचारल्याशिवाय तिथं खुंटी ठोकायची नाही, आणि विचारून काही मागितलं तर बोलल्याप्रमाणं फेडायचं. ते म्हणाले, आपण न विचारता जाग्याच्या छातीवर लोखंड टाकलं, म्हणून तो बॉलर खातो. त्यानंतर दर शुक्रवारी सामन्याआधी मैदानाच्या कोपऱ्यात नारळ ठेवून ते गाऱ्हाणं घालायला लागले. आम्ही टोप्या काढून मागं उभे.

"बा देवा महाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्या भुंयेर खेळाक उतारली हत..."

"व्हय महाराजा!"

एकदा आमच्यातल्या संत्यानं मध्येच विचारलं, "गजाभाऊ, हयच्या राखणदाराक मालवणी कळता?" गजाभाऊ न वळता म्हणाले, "तुका बॉल दिसणा नाय, तरी मी तुका टीमात ठेवलंय मां? तो पण सांभाळून घेता." आमचा विकेटकीपर पठाण ड्रायव्हर होता. तो बाजूला हात बांधून उभा राहायचा आणि शेवटी हळूच आमीन म्हणायचा. गजाभाऊंना ते चालायचं. म्हणायचे, दोन भाषेत गेलेलं बरं.

गजाभाऊंचं घर म्हणजे यार्डाच्या कडेला कंपनीनं दिलेलं पोर्टाकॅबिन. फोरमन म्हणून बायकोला आणायची परवानगी होती. सुलभावैनी तिथं राहायच्या. आम्हा कॅम्पातल्या माणसांना तेवढं एकच घर. पत्र्याला कानासारखा चिकटलेला एसी, त्याची घरघर इतकी की आत सगळे ओरडून बोलायचे, आणि वीज गेली की ओरडलेलं वाक्य एकदम उघडं पडायचं. वैनींना मूल झालं होतं, म्हणून त्यांची धाकटी बहीण मदतीला आली होती. तीच पमी. प्रमिला. सावळी, हाताला चपळ, आणि बोलताना समोरच्याकडं बघायची नाही, हातातल्या कामाकडं बघायची. सामना झाला की टीमला वैनींकडं जेवण. सुरमईला इथं कनाद म्हणतात, तिची कढी, तिरफळ घातलेला बांगडा, गावाहून डब्यात आलेल्या कुळथाची पिठी. भात कमी पडला की खुबूस, इथली रोटी. नातवाला मी सांगितलं की आम्ही खुबूस पिठीत बुडवून खायचो, तर तो म्हणतो, "आजोबा, दॅट्स सो रँडम." मला अर्थ कळला नाही. सून हसली, म्हणजे वाईट नसावं.

थंडी संपत आली तशी बातमी उठली की रुवैसवाले मला नेणार. रुवैसला एक मोठी कंपनी होती, त्यांचं पिच खऱ्या सिमेंटचं, त्यांच्याकडं खोलीत दोघंच झोपायची आणि बॉलरला स्टोअरमध्ये बसून काम. कोपऱ्यावरच्या चहावाल्या मल्याळ्याकडून बातमी निघाली. "भाई, तुम रुवैस जाता है?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "मुझे किसने बोला?" तो म्हणाला, "सब बोलता है. खाली तुमको नहीं बोला." दुसऱ्या दिवशी मला कॅम्पात कळलं की मी होय म्हणून बसलोय. तिसऱ्या दिवशी असं की गजाभाऊ रिलीज देत नाहीत, कंपनी सोडायचा कागद दाबून ठेवलाय. प्रत्यक्षात तोपर्यंत कुणी कुणाला फोनसुद्धा केला नव्हता. पण संत्याचा चेहरा उजळला. संत्या आमच्या बी टीमचा बॉलर, वय कोवळं, हात लांब, आणि माझी जागा रिकामी व्हायची वाट बघणारा. मनाचा वाईट नव्हता. रोज सकाळी चहाला माझ्या शेजारी बसून विचारायचा, "हात कसो आसा?" माझ्या हाताची एवढी चौकशी माझ्या आईनं केली नसेल. मी म्हणायचो, "बरो आसा." तो उसासा टाकायचा.

हात बरा नव्हता. बरेच दिवस नव्हता. टाचेतून वर येणारं लोखंड माझ्या खांद्यात जाऊन बसलं होतं. केस विंचरताना हात थांबायचा, पाण्याचा ग्लास डाव्या हातानं घ्यायचो. कुणाला सांगायचं? फोरमनला सांगितलं तर संत्या. संत्याला सांगितलं तर तोही संत्याच. सामना झाला की बॉलरला बर्फ मिळायचा, वैनींच्या फ्रिजमधला, पोर्टाकॅबिनच्या मागच्या खिडकीतून. द्यायला पमी असायची.

"काय झाला?" तिनं एकदा विचारलं. नजर बर्फाच्या पिशवीच्या गाठीवर.

"काय नाय."

"शर्ट डाव्या हातान वाळत घालतात तुमी. दोरी उजवीकडे आसा."

"सवय हा."

"कधीपासून?"

"आतापासून," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, "दिनकर पण सवय हा म्हणायचो." आणि खिडकी ओढून घेतली.

मग खरोखरच रुवैसचा माणूस येणार असं ठरलं. शुक्रवारी एक सामना बघणार, पसंत पडलो तर गजाभाऊंशी रिलीजचं बोलणार. गजाभाऊ माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "जाशीत तर जा. पण शुक्रवारी चांगलो टाक. माझी लाज घालवू नको." त्या गुरुवारी संध्याकाळी सराव करून मी बर्फाला गेलो तर आत वैनींचा आवाज चढलेला. घरात दोन नारळ होते, एक सकाळी मैदानासाठी, एक कढीसाठी, आणि एकच दिसत होता. "नारळाक पाय फुटले काय गो?" पमी मुलाला मांडीवर थोपटत बसलेली, मान खाली. वैनींनी मला बघितलं आणि विचारलं, "बाबल्या, तू खाल्लंस?" मी म्हटलं, "सालीसकट?"

सकाळी रुवैसचा माणूस पांढऱ्या पिकअपमधून आला. हैदराबादचा, जाडजूड, घडीची खुर्ची घेऊन. बाउंड्रीवर सावलीची जागा हेरून बसला. गाऱ्हाणं झालं. मी दिनकरचे बूट बांधले. पहिली ओव्हर चांगली पडली. दुसऱ्या ओव्हरला तो खुर्चीवरून पुढं सरकला, मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. माणसाला आपली किंमत होताना दिसली की तो जास्त जोर लावतो. मी धावत आलो, धाड धाड धाड, डावा पाय प्लेटवर आपटला, हात वर गेला, आणि आत कापड फाटतं तसा आवाज आला. बॉल कुठं गेला मला माहीत नाही. मी पिचवर गुडघ्यावर होतो, कान लोखंडाजवळ, आणि लोखंड अजून वाजत होतं. माझ्याच पावलांनी वाजत असणार. पण ते मागून आल्यासारखं ऐकू आलं, माझ्या मागून अजून कुणीतरी धावत येतंय असं. हे मी पमीशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.

पठाण ग्लोव्हज टाकून पळत आला. "मत हिला, मत हिला हाथ." मी उठलो तेव्हा हैदराबादी माणूस खुर्ची घडी करत होता. नीट, सावकाश, चारी पाय मिटवून. आणि संत्या बॉल हातात घेऊन उभा होता, रडत होता. त्याला बॉल पाहिजे होता, पण असा नको होता.

दुपारी वैनींकडं सगळे जेवायला बसले, कारण अन्न शिजलेलं होतं. सामना हरलेला. मला कुणाच्या तरी ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला होता. कढी पातळ, नारळ कमी.  शेवटी गजाभाऊ माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता ह्येचा काय करूचा? ऑफिसवाले विचारतले. हात नाय तर व्हिसा कित्याचो?" मी ताटात बघत होतो. गावात घराचं छप्पर माझ्या पगारावर अर्धं घातलं होतं. परत जाऊन मी मळ्यात उभा राहीन, डाव्या हातानं पाणी पीत, आणि लोक म्हणतील हा दुबईहून आलेला हात. तेव्हा सगळ्यालाच दुबई म्हणायचे.

पमी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तेका हयच ठेवा. तेचो हात माझ्यामुळे गेलो."

एसी घरघरत होता, म्हणून वैनींनी ओरडून विचारलं, "काय?"

"काल मी नारळ नेलंय," ती ओरडून म्हणाली. "कोपऱ्यात. राखणदाराक." आणि नेमकी तेव्हा वीज गेली. एसी बंद पडला. पुढचं तिला ओरडावं लागलं नाही, पण ती ओरडायच्या आवाजातच बोलून गेली. "दिनकराची पाठ गेली ती मी बघलंय. ह्येंची पाठ जावची नाय. म्हणान मी सांगितलंय, पाठ घेव नको, हात घे. हाताचा मी बघीन."

खोलीत मूल तेवढं हुंकारत होतं. मग संत्या फसकन हसला. पठाणाला कुणीतरी हिंदीत सांगितलं, तो हसला नाही, त्यानं छातीवर हात ठेवला. गजाभाऊंनी ताट बाजूला सारलं.

"काय म्हटलंस तू? हाताचा मी बघीन?"

"व्हय."

"ह्याच शब्दांनी?"

"व्हय."

"किती दिवस, ता सांगलंस?"

पमीनं हातातल्या तांब्याकडं बघितलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं असावं. दिवस सांगितला नव्हता.

वैनींनी कपाळावर हात मारला. "अगो बाये! दिवस नको सांगूक? नवस असो उघडो सोडतत?"

दुसरा कुणी असता तर पोरीची चेष्टा करून विषय संपवला असता. गजाभाऊ संपवणारे नव्हते. ज्या माणसानं दर शुक्रवारी आम्हाला टोप्या काढायला लावल्या, तो आता राखणदाराला काय सांगणार, की मेव्हणी मस्करी करत होती?  मग म्हणाले, "जाग्यान तुझा ऐकल्यान. पाठ सोडल्यान, हात घेतल्यान. आता तुका फेडूक होया." आणि माझ्याकडं वळून, "आणि तुका हयच ऱ्हवाक होया. हात हयलो, तर तो बघणारी पण हयच." मला कुणी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्याची गरजही वाटली नाही. पमीनं माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं, तांब्या तसाच धरलेला, आणि तिच्या डोळ्यांत एवढी भीती होती की मीच तिला म्हटलं, "दुखणा नाय हा तितकासा."

ऑफिसला गजाभाऊंनी काय सांगितलं देव जाणे. मला टूल स्टोअरमध्ये बसवलं. तिथल्या सगळ्या फळ्या मी छातीच्या उंचीला घेतल्या, वरची रिकामी. संत्यानं दोन वर्षं बॉलिंग टाकली, मग गुडघा घेऊन गेला. त्यानंतर गजाभाऊंनी स्वतः कटर घेऊन प्लेटा कापल्या. आमचं लग्न गावी झालं. हार घालायच्या वेळी माझा हात कानाच्या वर जाईना. पमीनं मान एवढी खाली घातली की मांडवातल्या बायका हसल्या, म्हणाल्या, नवरी आत्ताच नमली. त्यांना काय माहीत.

आणि मग रोज संध्याकाळी तेल. मुलगा झाला त्या दिवशीचा अपवाद, तेव्हा दवाखान्यातून तिनं वैनींना लावायला पाठवलं होतं. मी तिला किती वेळा सांगितलं असेल, "पमे, खांदो आधीच गेलो होतो. तुझ्या नारळान नाय. तू स्वतः बघलंस, शर्ट डाव्या हातान वाळत घालत होतंय."

"ता वायला," ते वेगळं असं ती म्हणायची आणि अंगठा जरा जोरात दाबायची.

"काय वायला? डॉक्टरन पण सांगितल्यान, जुना फाटलेला."

"डॉक्टराक काय म्हायत, राखणदार कधीपासून हात घालून बसलो होतो ता?"

 मुलगा मोठा झाला, फिजिओथेरपी का काय म्हणतात तिथं घेऊन गेला. तिथल्या पोरीनं मशीन लावलं. घरी आल्यावर पमीनं विचारलं, "तिना बघितल्यान?" मी म्हटलं, "हो." "मगे आता मी बघतंय." मशीन तिच्या नवसात नव्हतं. दोनेक वर्षांपूर्वी मुलाला म्हटलं ते मैदान बघूया. तिथं गोदाम उभं आहे, आत थंडगार, फोर्कलिफ्ट फिरतात. ती गाडीतून उतरली नाही. पदर डोक्यावर घेऊन तिनं कोपऱ्याच्या दिशेनं नमस्कार केला. तो कोपरा नव्हता, तो पलीकडे होता, पण मी दुरुस्त केलं नाही.

आता ती सकाळ.

मी उठलो तेव्हा चहाचा वास नव्हता. ती कुशीवर, हात उशीखाली. मी पायाला हात लावला आणि मला कळलं. मुलाला हाक मारली. त्यानं अॅम्ब्युलन्सला फोन केला, मग खाली वॉचमनला, मग बाल्कनीत जाऊन उभा राहिला. नातवाला आतल्या खोलीत ठेवलं. सून पोरगी धीराची. पुण्याची असून धीराची असं पमीच म्हणायची. तिनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "बाबा, आईंची हिरवी साडी कुठं आहे? ती लोक यायच्या आत काढून ठेवते. सवाष्ण गेल्या." मी म्हटलं, कपाटाच्या वरच्या बॅगेत. तिचा हात पुरेना. ती स्टूल आणायला वळली. मी उभा राहिलो आणि बॅग खाली काढली. चांगली जड होती. पलंगावर ठेवली, चेन उघडली, साडी वरच होती.

सून दारात स्टूल धरून तशीच उभी. "बाबा," ती म्हणाली, "तुमचा हात."

मी बघितलं. उजवा. कानाच्या वर गेला होता, डोक्याच्या वर गेला होता, बॅग उतरवून खाली आला होता. दुखलं नव्हतं. मी पुन्हा वर नेला. सरळ, बॉल सोडताना जातो तसा, दंड कानाला घासून. आतल्या खोबणीत काही नव्हतं. रिकामं, गुळगुळीत. जाग्यानं हिशेब पुरा केला होता. तिनं बघितलं, तिचं फिटलं, आणि त्यानं माझा हात मला परत दिला. डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत आहे, मुलानं नंतर सांगितलंही, धक्क्यानं असं होतं म्हणाला. होत असेल. मला तो हात नको होता. मी खांदा दाबून बघितला, मुठीनं ठोकून बघितला, कुठं दुखतंय का. कुठंच नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. बाटली उलटी करून शेवटचा थेंब वाटीत येईपर्यंत धरली. कापराची वडी टाकली, गॅसवर ठेवली, तिच्या गाऊनच्या तुकड्यानं वाटी उचलली. ती तिच्या उशाशी नेऊन ठेवली, तिच्या हाताजवळ. बाल्कनीतलं स्टूल आणून पलंगाला लावलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हे काय करताय? बाबा, खाली लोक आलेत." मी शर्ट काढला, मांडीवर घेतला, तिच्याकडे पाठ केली आणि बसलो.